हिस्टरी रिपोर्ट ‘क्लीन’ आला, मग टोकन द्यायचं का?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात एमएच-१२ पासिंगची २०१८ची डिझेल सेडान बघितली आहे. मीटर ५२,०००, फर्स्ट ओनर. ऑनलाइन पैसे भरून काढलेल्या हिस्टरी रिपोर्टमध्ये अपघात नाही, कर्ज नाही आणि मीटर ‘व्हेरिफाइड’. डीलर म्हणतो, उद्यापर्यंत टोकन द्या, दुसरं गिऱ्हाईक लागलंय. रिपोर्टवर विसंबून टोकन द्यावं, की गाडी वेगळी तपासून घ्यावी?

तपासूनच घ्या. रिपोर्ट फेकून देण्यासारखा नसतो, पण तो वाचायची एक रीत आहे. त्यात जे वाईट लिहिलंय ते खरं धरायचं आणि जिथे ‘नाही’ लिहिलंय तिथे ‘आमच्याकडे नोंद नाही’ असं वाचायचं. ‘अपघात : नाही’ ही ओळ कुणी गाडीखाली वाकून बघून लिहिलेली नसते. कुठल्या तरी कॉम्प्युटरमध्ये त्या नंबरापुढे काही सापडलं नाही, एवढाच तिचा अर्थ. आपल्याकडे खासगी गाडीची फिटनेस तपासणी थेट पंधराव्या वर्षी येते. तोवर गाडी ठोकली, बुडाली किंवा मीटर मागे फिरवलं तरी ते कुठे नोंदवणं मालकाला भाग पडेलच असं नाही. विमा कंपनीकडे क्लेम केला किंवा कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली तरच मागे कागद राहतो. शेजारच्या गॅरेजमध्ये रोख पैसे देऊन काम उरकलं की रिपोर्टच्या दृष्टीने ते घडलेलंच नाही.

अमेरिकेत राहून आलेल्यांची इथे हमखास गफलत होते. तिकडे टोटल लॉस झालेल्या गाडीच्या मालकीच्या कागदावरच ‘सॅल्व्हेज’चा शिक्का येतो, आणि विमा कंपन्यांना व भंगारवाल्यांना केंद्रीय नोंदवहीत तशी माहिती द्यावी लागते. आपल्या आरसीवर असा शिक्का नसतो. टोटल लॉस होऊन पुन्हा उभी केलेली गाडी आणि नुसता बंपर रंगवलेली गाडी, दोन्हींच्या आरसी सारख्याच दिसतात.

रिपोर्ट हा एक कागद दिसत असला तरी त्यात तीन-चार ठिकाणची माहिती एकत्र केलेली असते, आणि प्रत्येकीची लायकी वेगळी.

पहिला भाग ‘वाहन’ या सरकारी नोंदणीतून येतो. हा गाडीचा सातबारा समजा. नाव कुणाचं, बोजा कुणाचा हे कळतं. विहिरीला पाणी आहे का हे कळत नाही. ही माहिती परिवहनच्या साइटवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर मोबाइल नंबरने लॉगिन करून स्वतः बघता येते, त्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही. आणि डीलरने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट धरूच नका, त्यातली एक ओळ बदलायला दोन मिनिटं पुरतात. नंबर स्वतः टाका.

यातली नोंदणीची तारीख, उत्पादनाचा महिना, इंधन, बीएस नॉर्म (प्रदूषणाचा दर्जा) आणि वाहनाचा वर्ग यांवर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. उत्पादनाचा महिना मुद्दाम बघा. जानेवारी २०१८ची नोंदणी असलेली गाडी बऱ्याचदा २०१७ साली बनलेली असते आणि भाव मात्र २०१८चा सांगितला जातो. वर्गाची ओळही महत्त्वाची. गाडी आधी टुरिस्ट परमिटवर पिवळ्या पाटीने धावून मग खासगी करून घेतलेली असेल, तर आजची नोंद खासगीच दाखवेल. अशा गाडीत स्पीड गव्हर्नर किंवा त्याची कापलेली वायर, पाटीच्या जागी जुन्या स्क्रूंची भोकं, मागच्या सीटची दबलेली गादी अशा खुणा शोधाव्या लागतात. सेडान डिझेल असेल तर हा संशय आधी घ्यावा.

‘ओनर सीरियल : १’ ही ओळ लोकांना फार आवडते. तिचा अर्थ एवढाच की आरटीओत नाव एकदाही बदललेलं नाही. मूळ मालक नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी देतो, ती एका डीलरकडून दुसऱ्याकडे आणि तिथून एखाद्याच्या रोजच्या वापरात जाते, आणि आरसीवर नाव पहिल्याचंच राहतं. १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरने गाडी ताब्यात घेतल्याची सूचना आरटीओला ऑनलाइन देण्याचा नियम आहे, फॉर्म २९सी. डीलरला हा फॉर्म दाखवायला सांगा. तो दाखवू शकला तर चांगलं. नाहीतर निदान मूळ मालकाशी फोनवर तरी बोलायला मिळालं पाहिजे. ‘मालक परदेशात असतो’ हे उत्तर आलं, तर गाडी कितीही आवडली असली तरी पुढच्या तपासण्या दुप्पट कडक करा.

बोज्याच्या बाबतीत चूक दोन्ही बाजूंनी होते. कर्ज फिटलं तरी मालकाने एचपी (हायपोथिकेशन, म्हणजे आरसीवरचा बँकेचा बोजा) उतरवलेलं नसतं, त्यामुळे बँकेचं नाव दिसत राहतं. त्यात लबाडी नसते, आळस असतो. अशा वेळी बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ मागायचे. एनओसीवरची तारीख बघायची, कारण ती साधारण तीन महिन्यांत शिळी होते आणि नवी आणायला मूळ मालकालाच बँकेत जावं लागतं. कर्ज चालू असेल तर फोरक्लोजरचं (कर्ज मिटवायला किती भरायचं याचं) पत्र मागवा आणि तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरा. डीलरच्या हातात देऊन ‘तो भरेल’ म्हणू नका.

विमा आणि पीयूसीच्या मुदतीच्या ओळी कधीकधी मागे पडलेल्या असतात. पॉलिसी चालू असूनही ‘संपली’ दिसते, म्हणून त्यावरून घाबरायचं नाही आणि निश्चिंतही व्हायचं नाही, मूळ पॉलिसी बघायची. आरसी स्टेटस मात्र ‘अ‍ॅक्टिव्ह’च हवा. ‘एनओसी इश्यूड’, ‘सस्पेंडेड’ किंवा ‘ब्लॅकलिस्टेड’ दिसलं तर कारण कळेपर्यंत एक रुपयाही पुढे करू नका.

चलनं वेगळी बघावी लागतात. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचं ई-चलन पोर्टल वेगळं आहे आणि केंद्राचं वेगळं. दोन्हीकडे नंबर टाका, सोबत चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे हाताशी ठेवा. दंडाची रक्कम हा त्यातला किरकोळ भाग. कुठे, कधी आणि फोटोत गाडी कशी, हे जास्त कामाचं. ‘फक्त पुण्यात ऑफिसला जायची’ म्हणून विकायला काढलेल्या गाडीला दोन वर्षांत एक्स्प्रेसवेवर वेगमर्यादेची नऊ चलनं असतील तर मीटरची गोष्ट तिथेच ढिली पडते. चोरीच्या बाबतीत राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ऑनलाइन सेवा आहे. तिथे नोंदणी, चेसिस आणि इंजिन क्रमांक टाकून पोलिसांच्या नोंदीत ही गाडी चोरीची म्हणून आहे का ते बघता येतं आणि त्याची एनओसीही मिळते. परराज्यातली गाडी असेल तर हे टाळू नका.

परराज्याच्या गाडीत रिपोर्ट आणखी एका ठिकाणी फसतो. गाडी महाराष्ट्रात नव्याने नोंदली की तिला नवा नंबर मिळतो, आणि नंबरावरून काढलेला रिपोर्ट त्या दिवसापासून सुरू होतो. आधीची सहा वर्षं कोरी, आणि कोऱ्या पानाला रिपोर्ट ‘क्लीन’ म्हणतो! चेसिस नंबर बदलत नाही, म्हणून सर्व्हिस आणि विम्याची विचारणा चेसिस नंबरावरूनच करा. दिल्लीत डिझेल गाड्या दहा वर्षांनंतर चालवू न देण्याच्या नियमाची टांगती तलवार राहिल्याने तिकडच्या गाड्या आठव्या-नवव्या वर्षी इतर राज्यांत उतरत आल्या आहेत. त्यात वाईट काही नाही, फक्त गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची फॉर्म २८ची एनओसी खरी आहे का ते दिल्लीच्या नोंदीत बघा आणि इथे भरावा लागणारा रोड टॅक्स किमतीत धरा.

आता विमा. रिपोर्टमधला सर्वांत उपयोगी आणि सर्वांत चुकीचा वाचला जाणारा भाग हा.

‘क्लेम : शून्य’ दिसलं की पहिला प्रश्न विचारा, पॉलिसी कुठली होती? चार-पाच वर्षं झाली की बरेच मालक नुसती थर्ड पार्टी ठेवतात. त्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम करताच येत नाही. म्हणजे २०२२ नंतर थर्ड पार्टीवर असलेल्या गाडीचे शून्य क्लेम हे काही प्रमाणपत्र नव्हे. उलट, त्या काळात काही झालं असेल तर ते रोखीत आणि बाहेरच्या गॅरेजमध्येच झालेलं असणार.

फुल इन्शुरन्स असेल तर पॉलिसीच्या कागदावर एनसीबीची, म्हणजे नो क्लेम बोनसची, टक्केवारी बघा. क्लेम न करता एक वर्ष गेलं की २०, दोन वर्षांना २५, मग ३५, ४५ आणि पाच वर्षांना ५० टक्के. सात वर्षांच्या गाडीच्या चालू पॉलिसीवर २० टक्के दिसत असेल, तर त्याआधीचं एक वर्ष कोरं गेलंय आणि त्यामागच्या वर्षी क्लेम झाला असणार, किंवा पॉलिसी ९० दिवसांहून जास्त खंडित राहिली असणार. यातलं कुठलं, ते मालकाला विचारा. उलट बाजूने ५० टक्क्यांवरही भाळू नका. एनसीबी गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुन्या गाडीचा ५० टक्के बोनस त्याने या गाडीवर आणलेला असू शकतो. एनसीबी प्रोटेक्शनचं अ‍ॅड-ऑन घेतलं असेल तर क्लेम करूनही टक्केवारी हलत नाही. मागच्या तीन-चार पॉलिसी ओळीने ठेवल्या तर चित्र बरंच उघडतं. शिवाय मालकाने आपल्या नोंदवलेल्या ईमेलवरून विमा कंपनीकडे क्लेम हिस्टरी मागितली तर ती मिळते. ज्याला विकायची घाई आहे आणि लपवायचं काही नाही, तो हा एक मेल पाठवतो.

क्लेम झालेला असला म्हणून गाडी वाईट ठरत नाही. किती रुपयांचा आणि कशाचा, हे बघायचं. बंपर, हेडलॅम्प, फेंडर यांचा तीस-चाळीस हजारांचा क्लेम शहरातल्या गाडीला असायचाच. कामाच्या यादीत अ‍ॅप्रन, क्रॉस मेंबर, पिलर, रूफ हे सांगाड्याचे भाग किंवा एअरबॅग मॉड्यूल, स्टिअरिंग रॅक ही नावं आली की मामला वेगळा. आणि रिपोर्टमध्ये मोठा क्लेम दिसतो, पण त्या तारखेच्या आसपास कंपनी वर्कशॉपचं जॉब कार्डच (केलेल्या कामाची नोंद) नाही, ही सर्वांत धोक्याची जोडी. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. मग कधी मालक ‘कॅश लॉस’मध्ये रक्कम घेऊन मोडकी गाडी स्वतःकडे ठेवतो, कधी ती भंगाराच्या लिलावात जाते. तिथून ती बाहेरच्या गॅरेजात उभी राहते आणि बाजारात परत येते. त्याहून वाईट म्हणजे, त्या गाडीची आरसी आणि चेसिस नंबर त्याच मॉडेलच्या चोरीच्या गाडीवर चढतात. कागद शंभर टक्के खरे आणि लोखंड दुसऱ्याचं!

सर्व्हिस रेकॉर्डकडे येऊ, कारण मीटर ‘व्हेरिफाइड’चा शिक्का इथूनच येतो. रिपोर्ट काढणारी यंत्रणा बहुतेक वेळा एवढंच बघते की प्रत्येक पुढचा आकडा मागच्यापेक्षा मोठा आहे. मीटर सर्व्हिसच्या आधी फिरवलं असेल तर ही चाळणी त्याला सहज जाऊ देते. तुमच्यासारख्या गाडीचा एक नमुना घेऊ. आकडे फक्त समजावण्यासाठी आहेत.

जून २०१८ : १,०४०
नोव्हेंबर २०१८ : ९,८७०
मे २०१९ : २०,१५०
डिसेंबर २०१९ : ३०,६००
जुलै २०२२ : ४१,३००
ऑगस्ट २०२४ : ५०,९००

आकडे चढतेच आहेत, म्हणून रिपोर्ट खूश. आता महिन्याची सरासरी काढा. पहिल्या १८ महिन्यांत साडेएकोणतीस हजार, म्हणजे महिन्याला सोळाशेच्या वर. पुढच्या ३१ महिन्यांत १०,७००, म्हणजे महिन्याला साडेतीनशे. लॉकडाऊन होता, घरून काम होतं, हे खरं आणि काही गाड्यांना ते लागूही पडतं. पण महिन्याला सोळाशे किलोमीटर चालवायला डिझेल घेतलेला माणूस २०२२ ते २०२४ मध्येही चारशेच्या आत राहिला? राहिला असेल, पण मग त्याचा पुरावा हवा. मधल्या अडीच वर्षांत कंपनी सर्व्हिस नाही, म्हणजे गाडी एकतर बाहेरच्या गॅरेजमध्ये जात होती किंवा हात बदलला होता. जुन्या चालीने ती चालली असती तर जुलै २०२२ ला मीटर ८०,००० च्या पुढे असतं.

इथे जुलै २०२२ चं जॉब कार्ड सविस्तर मागवा. नुसती तारीख आणि किलोमीटर नको, बदललेल्या पार्टची यादी हवी. ४१,००० वर ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, फार तर पुढचे ब्रेक पॅड एवढंच अपेक्षित. तिथे क्लच सेट, पुढच्या डिस्क, लोअर आर्म, सस्पेन्शनचे बुश असं दिसलं तर ती ४१,००० वाली गाडी नाही. हे रिपोर्टच्या पहिल्या पानावर कधीच येत नाही. मालकाच्या कंपनी अ‍ॅपमधून किंवा मालकाला सोबत घेऊन वर्कशॉपच्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरकडून मिळतं.

दुसरा साक्षीदार फास्टॅग. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर तो सक्तीचा झाला, त्यामुळे त्यानंतरच्या प्रवासाचा हिशेब बँकेकडे आयता पडलेला असतो. मालकाला त्याचं स्टेटमेंट, मिळेल तेवढ्या मागचं, दाखवायला सांगा. पुणे-मुंबई जाऊन-येऊन सुमारे ३०० किलोमीटर होतात. आठवड्याला अशा दोन जाऊन-येऊन फेऱ्यांचा टोल कापलेला दिसला तर नुसत्या त्या फेऱ्यांचे वर्षाला तीस हजार झाले. मीटर वर्षाला पाच हजार म्हणत असेल तर दोघांपैकी एक खोटं बोलतंय, आणि टोलनाक्याला खोटं बोलायचं कारण नाही. हे कुठल्याही रिपोर्टमध्ये नसतं आणि मीटर फिरवणाऱ्याच्याही सहसा डोक्यात येत नाही.

तिसरा, गाडीचाच कॉम्प्युटर. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये साधा ब्लूटूथ स्कॅनर लावला की बऱ्याच गाड्यांत ‘फॉल्ट कोड पुसल्यापासूनचं अंतर’ असा एक आकडा मिळतो. मीटर ५२,००० आणि हा आकडा ६१,००० असेल तर वाद संपला. मीटरच्या डब्यातला आकडा बदलताना इंजिनच्या कॉम्प्युटरमधला (ईसीयू) हा आकडा बऱ्याचदा विसरला जातो. तो ६५,५३५ वर थांबतो, तेवढं ध्यानात ठेवा. उलट तो जेमतेम दीडशे किलोमीटर आला, तर कुणीतरी नुकतेच कोड पुसलेत. काही गाड्यांत बॅटरी काढली तरी तो शून्य होतो, म्हणून त्यावरून लगेच आरोप करू नका. गाडी दोन-तीन दिवसांनी, मधे तीस-चाळीस किलोमीटर चालल्यावर पुन्हा स्कॅन करा, जो दिवा लपवला होता तो परत येतो. चांगला स्कॅनर असलेला माणूस एबीएस आणि एअरबॅग मॉड्यूलमध्ये साठलेले किलोमीटरही वाचू शकतो. सगळ्या मॉडेलमध्ये ते नसतं, पण विचारायला हरकत नाही.

आणि आता जे रिपोर्टला कळूच शकत नाही ते. गाडी सकाळी, कोरड्या अंगाने, इंजिन थंड असताना बघा. बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर तुम्ही यायच्या आधी स्टार्ट करून ठेवलंय.

सुरुवात चेसिस नंबरापासून. तो पत्र्यावर ठोकलेला असतो, काही गाड्यांत फायरवॉलवर, काहींत पुढच्या सीटखालच्या कार्पेटच्या फडक्याखाली. आरसीवरचे सगळे सतरा आकडे-अक्षरं एकेक करून जुळवा. आसपास ग्राइंडरचे ओरखडे, वेगळ्या छटेचा रंग, अक्षरांमधलं कमी-जास्त अंतर किंवा पॅच वेल्ड दिसलं तर तिथूनच परत फिरा, उरलेलं बघायची गरज नाही. ट्रान्सफरच्या कागदांना चेसिसचा पेन्सिल प्रिंट लागतोच, तो तुमच्या समोर घेऊ द्या. नंबरप्लेटवर लेझरने कोरलेला क्रमांक आणि काचेवरच्या स्टिकरवरचा तपशीलही ताडून बघा.

मग बोल्ट. बॉनेट, फेंडर, दरवाज्यांच्या बिजागऱ्या आणि डिकी यांचे बोल्ट कारखान्यात रंगासकट बसतात. पान्हा लागला की कडेचा रंग उडतो. एका फेंडरचे बोल्ट खुले झालेत म्हणजे फेंडर बदलला, ठीक आहे. दोन्ही फेंडर, बॉनेट पट्टी आणि रेडिएटर सपोर्टचेही खुले झालेत म्हणजे पुढून मोठा मार बसलाय. मग अ‍ॅप्रन आणि लेग बघा. लेग म्हणजे बंपरमागून इंजिनच्या दोन्ही बाजूंनी जाणारे ते पोलादी हात. कारखान्याचे स्पॉट वेल्ड सारख्या अंतरावर गोल ठशांसारखे दिसतात. हाताने केलेलं वेल्ड ओबडधोबड असतं किंवा सीलंटच्या जाड थराखाली दडवलेलं असतं. सीलंटला नख लावा, मूळ सीलंट कडक आणि एकसारखा असतो. हिस्टरी रिपोर्ट काहीही म्हणो, लेग सरळ करून बसवलेली गाडी घेऊ नका. पुढच्या धडकेचा जोर कसा जिरवायचा हे त्या लेगच्या मूळ घडणीवर ठरतं.

रंगाची जाडी मोजायचं मीटर भाड्याने किंवा ओळखीच्या पेंटरकडून मिळालं तर छान. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, पुन्हा रंगवलेला २०० ते ३००, आणि पाचशेच्या पुढे गेलं की खाली पुट्टी भरलेली आहे. दरवाज्याला चारशे आले तर भाव कमी करा. छतावर किंवा पिलरवर आले तर गाडी उलटली होती का, हा प्रश्न विचारायचा. काचांच्या कोपऱ्यात वर्षाची छोटी खूण असते, सगळ्या काचा एकाच काळातल्या हव्यात. पुढची काच दगडाने फुटते, ते चालतं. बाजूच्या दोन काचा आणि त्याच बाजूचा दरवाजा नवा असेल तर ती गोष्ट वेगळी.

एअरबॅगचा दिवा इग्निशन ऑन केल्यावर लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर तो बंद करून ठेवलाय. पण विझला म्हणून बॅग आत आहेच असंही नाही, रेझिस्टर लावून यंत्रणेला फसवता येतं आणि मग स्कॅनरही ‘ठीक’ म्हणतो. म्हणून डॅशबोर्डच्या बॅगेवरच्या झाकणाची शिवण आणि पोत नीट बघा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, त्याच्या टॅगवरचं वर्ष वाचा. गाडी २०१८ची आणि दोन्ही पुढचे बेल्ट २०२१चे, तर मधे बॅगा उघडल्या होत्या, असाच अर्थ घ्यायचा.

तोच ओढलेला बेल्ट पुराचंही सांगतो. गाडी धुऊन, सुकवून, सुगंध मारून आणतात, पण बेल्टचा तळाचा हातभर भाग कुणी धूत नाही. तिथे पाण्याची आडवी रेघ किंवा गाळाचा मळकट पट्टा राहतो. सांगली-कोल्हापूरचा २०१९चा पूर, चिपळूणचा २०२१चा, चेन्नईचा डिसेंबर २०२३चा, अशा प्रत्येक वेळी हजारो घरांच्या दारातल्या गाड्या पाण्याखाली जातात. त्यातल्या थर्ड पार्टीवाल्यांचा कुठेच क्लेम होत नाही, म्हणून त्यांचे रिपोर्ट धुतल्या तांदळासारखे. स्टेपनी काढून खालच्या खळग्याचे कोपरे बोटाने चाचपा. सीटच्या रुळांचे बोल्ट आणि सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरांच्या पिना टॉर्चने बघा, हिरवट-पांढरा थर म्हणजे पाणी शिरलं होतं. कार्पेटची कड उचलून खालचा फोम दाबा. एअरबॅगचा कंट्रोलर बऱ्याच गाड्यांत गिअरजवळच्या कन्सोलखाली, अगदी जमिनीलगत असतो. त्यामुळे घोटाभर पाणीही त्याला पुरतं. ते लगेच कळत नाही, सहा-आठ महिन्यांनी एकेक दिवा लागायला लागतो.

टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, ४५२२ म्हणजे २०२२चा ४५वा आठवडा. मूळ टायर साधारण चाळीस-पन्नास हजार जातात. ५२,००० च्या गाडीला २०२२चे टायर लागलेले असतील आणि तेही झिजत आले असतील, तर हिशेब जुळवायला कठीण. टायर वयानेही बदलतात, म्हणून हा एकटा पुरावा धरू नका, फास्टॅग आणि जॉब कार्डाशी लावून बघा.

तुमच्या गाडीबाबत क्रम असा लावा. आज घरी बसून ‘वाहन’ची नोंद, दोन्हीकडची चलनं आणि चोरीची तपासणी. डीलरकडून मूळ मालकाचा नंबर, मागच्या तीन पॉलिसी, जॉब कार्ड आणि फास्टॅग स्टेटमेंट मागा. यातलं निम्मंही मिळालं नाही तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला गाडी घेऊ द्या. मिळालं आणि जुळलं, तर स्वतःचा मेकॅनिक आणि स्कॅनर घेऊन सकाळी जा, गाडी लिफ्टवर किंवा निदान खड्ड्यावर घ्यायला लावा. टोकन त्यानंतर, तेही ऑनलाइन आणि लेखी. पावतीत चेसिस नंबर, आजचं मीटर, ‘मोठा अपघात, पूर, टोटल लॉस झालेला नाही, मीटर बदललेलं नाही, उलट आढळल्यास पूर्ण रक्कम परत’ ही ओळ आणि विकणाऱ्याची सही हवी. बऱ्याच डीलरांचे चेहरे ही ओळ लिहिताना बदलतात, ते बघण्यासारखं असतं.

ताबा घेताना डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही टाका. त्याआधीचं चलन त्यांचं, नंतरचं तुमचं. फॉर्म २९, ३० वर मूळ मालकाच्या सह्या, ओळखीचे कागद, बोजा असल्यास ३५. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा मात्र १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाका. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीसोबत येतं, पण स्वतःच्या नुकसानीचा क्लेम जुन्या नावाच्या पॉलिसीवर अडकतो. एनसीबी विकणारा घेऊन जाईल, तेव्हा हप्त्याचा फरक तुम्हाला भरावा लागेल, तो आधीच विचारून भावात धरा.